युग्मकांची भेट आणि विकरं: क्लॅमिडोमोनासमधलं फलन टप्प्याटप्प्याने कसं तपासायचं

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालाच्या प्लस आणि मायनस युग्मकांना (लैंगिक पेशींना) ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) दिलं, धुतलं, एकत्र केलं आणि फलनाची खूण असलेल्या, चार कशाभिकांच्या (पोहायच्या शेपट्यांच्या) पेशी दिसल्याच नाहीत. प्रोजेक्टच्या वहीत इथे बहुतेक वेळा 'ट्रिप्सिनमुळे फलन थांबतं' एवढं वाक्य लिहून विषय संपतो. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. युग्मकं एकमेकांना चिकटलीच नाहीत? चिकटली, पण पेशीभित्तिका टाकता आली नाही? की भित्तिका टाकूनही पटलं एक झाली नाहीत? हे तीन वेगळे टप्पे आहेत. प्रत्येकात वेगळी प्रथिनं काम करतात आणि प्रत्येकावर विकराचा परिणाम वेगळा होतो. म्हणून तिन्ही वेगवेगळे मोजायचे. हा लेख साताऱ्या-सांगलीकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.चा किंवा बी.एस्सी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी आहे. एक बरं सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, ऑटोक्लेव्ह आणि बर्फाची पेटी एवढ्यावर यातलं बहुतेक काम होतं.

आधी घटनाक्रम

क्लॅमिडोमोनास राइनहार्टाय ही एकपेशीय, दोन कशाभिकांची, एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पेशी. नत्र संपलं आणि उजेड असला की तिचं युग्मकात रूपांतर होतं. प्लस आणि मायनस युग्मकं दिसायला सारखीच असतात. ती एकत्र आली की पहिल्यांदा कशाभिका कशाभिकांना चिकटतात आणि काही सेकंदांत गुठळ्या दिसू लागतात. हे चिकटणं अॅग्लुटिनिन नावाच्या मोठ्या ग्लायकोप्रथिनांमुळे होतं. प्लसच्या अॅग्लुटिनिनचा जनुक सॅग-१, मायनसचा सॅड-१.

चिकटताच पेशीच्या आत सायक्लिक एएमपी, म्हणजे इशारा पोचवणारा एक छोटा रेणू, सुमारे दहा पटींनी वाढतं. त्या इशाऱ्यावर दोन गोष्टी घडतात. पेशी स्वतःची भित्तिका विरघळवून टाकते आणि कशाभिकांच्या बुडाशी असलेली युग्मन-रचना जागी होते. प्लसमध्ये तिथून अॅक्टिनने भरलेली एक बारीक नळी बाहेर येते. ती मायनसच्या रचनेला टेकते, पटलं एक होतात आणि चार कशाभिकांची पेशी तयार होते. चांगल्या संवर्धनात हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं, म्हणून घड्याळ हाताशी ठेवूनच कामाला बसा.

पेशी कोणत्या घ्यायच्या

ओढ्यातून, शेततळ्यातून किंवा पावसाच्या डबक्यातून आणलेला क्लॅमिडोमोनास या कामाला घेऊ नका. त्याची जात नक्की नसते आणि प्लस-मायनस माहीत नसतं. काही जातींत तर एकाच वंशातल्या पेशी आपापसांत युग्मन करतात, मग कंट्रोलला (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याला) अर्थच उरत नाही. ज्यांचा युग्मन-प्रकार नोंदलेला आहे अशीच जोडी मागवा. सीसी-१२५ हा प्लस आणि सीसी-१२४ हा मायनस वंश जगभर वापरला जातो. सीसी-६२० आणि सीसी-६२१ ही जोडी चांगल्या युग्मनासाठी ओळखली जाते. मूळ संग्रह अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आहे. परदेशातून जिवंत संवर्धन आणायला परवानगी आणि वेळ दोन्ही लागतात, त्यामुळे देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेकडे जोडी आहे का ते आधी विचारा. मागताना 'क्लॅमिडोमोनास पाठवा' असं मोघम लिहू नका. दोन्ही प्रकार हवेत आणि नळ्यांवर खूण हवी, हे स्पष्ट लिहा.

सीसी-१२४ आणि सीसी-१२५ यांना नायट्रेट वापरता येत नाही, कारण त्यांच्यात नायट्रेट पचवण्याच्या जनुकांत उत्परिवर्तन आहे. बोल्डच्या नायट्रेट मिडियममध्ये त्या वाढल्या नाहीत म्हणून संवर्धन मेलं असं समजू नका. त्यांना अमोनियम लागतं.

संवर्धन मिळेपर्यंत पावसाळा सरल्यावर साचलेल्या स्वच्छ पाण्यातला स्पायरोगायरा पाहून घ्यायला हरकत नाही. दोन तंतूंमधली नळी जोडली जाते आणि मधली भित्तिका विरघळते, ते तिथे चांगलं दिसतं. मात्र स्पायरोगायराची भित्तिका सेल्युलोज आणि पेक्टिनची असते. क्लॅमिडोमोनासच्या भित्तिकेत सेल्युलोज नसतं. ती हायड्रॉक्सिप्रोलिन भरपूर असलेल्या ग्लायकोप्रथिनांची असते. म्हणून लॅबमध्ये सेल्युलेजची बाटली आहे आणि तीच वापरून बघू, असं केलं तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात.

मिडियम

टॅप मिडियम वापरा: ट्रिस, असिटेट, फॉस्फेट. १ लिटरसाठी २.४२ ग्रॅम ट्रिस, २५ मिलि क्षारांचा स्टॉक, ०.३७५ मिलि फॉस्फेट स्टॉक, १ मिलि हटनर सूक्ष्मद्रव्यं आणि साधारण १ मिलि ग्लेशियल असेटिक अॅसिड. सामू ७.० ला आणायचा तो याच अॅसिडने. क्षारांच्या स्टॉकमध्ये लिटरला १५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट असतं. फॉस्फेट स्टॉकमध्ये १०० मिलिला २८.८ ग्रॅम डायपोटॅशियम आणि १४.४ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. हटनरचं मिश्रण लॅबमध्ये बनवणं किचकट आहे. तयार मिळालं तर तेच घ्या.

नत्रविरहित टॅपसाठी हाच क्षारांचा स्टॉक अमोनियम क्लोराइड न घालता वेगळ्या बाटलीत करा. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि झाकणाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, कारण दोन्ही बाटल्या दिसायला अगदी सारख्या असतात. यात झालेली अदलाबदल दोन दिवसांनी, गुठळ्या होत नाहीत तेव्हाच कळते.

पाणी काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातित केलेलंच हवं. साताऱ्यात कासचं पाणी येतं, सांगलीत कृष्णेचं. प्यायला ते चांगलं असलं तरी मिडियमला नळाचं पाणी चालत नाही. बॅटरीचं पाणीही घेऊ नका. फ्लास्क धुताना साबणाचा अंश राहिला तर भित्तिका टाकलेली युग्मकं फुटतात, आणि पुढे आपण मुद्दाम डिटर्जंट घालून तेच मोजणार आहोत. या कामाची काचेची भांडी वेगळी ठेवा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून धुवा.

युग्मकं तयार करणं

सोमवारी ताज्या प्लेटवरून प्लस आणि मायनस वेगवेगळ्या २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये, प्रत्येकी १०० मिलि टॅपमध्ये लावा. २५ अंश तापमान, ४,००० ते ५,००० लक्स पांढरा उजेड, हळू शेकर. शेकर नसेल तर मत्स्यटाकीचा पंप कापसाच्या गाळणीतून लावा. गुरुवारी न्यूबाउअर काचेवर मोजा. मिलिलिटरला १० ते ५० लाख पेशी असाव्यात. त्याहून दाट होऊन पिवळसर पडलेलं संवर्धन घेऊ नका. त्यातल्या पुष्कळ पेशी दुबळ्या असतात आणि जीवाणू शिरलेले असण्याची शक्यताही वाढते.

गुरुवारी संध्याकाळी पेशी सुमारे १,००० जीला (गुरुत्वाच्या १,००० पट जोराला) ५ मिनिटं फिरवा. यंत्रावर बहुधा फक्त आरपीएम लिहिलेलं असतं. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ३,००० आरपीएमला साधारण १,००० जी मिळतं, १५ सेंमी असेल तर २,४५० पुरतं. पट्टीने त्रिज्या मोजा, अंदाज करू नका. जास्त जोरात फिरवलं की कशाभिका गळतात. वरचं पाणी ओता, नत्रविरहित टॅपमध्ये हलक्या हाताने मिसळा, पुन्हा फिरवा. हे धुणं दोनदा करा. शेवटी मिलिलिटरला १ कोटी पेशी होतील एवढ्या नत्रविरहित टॅपमध्ये घेऊन पसरट फ्लास्कमध्ये पातळ थर करून ठेवा. रात्रभर, म्हणजे १६ ते २० तास, उजेड हवाच. या जातीत नत्र नसणं एकटं पुरत नाही, उजेड नसेल तर युग्मकं पक्व होत नाहीत. रात्री वीज जाण्याची शक्यता असेल तर दिवे इन्व्हर्टरवर घ्या. वीज तीन-चार तास गेली असेल तर सकाळी तेवढाच उजेड जास्त द्या आणि नोंद करा.

सेंट्रिफ्यूज नसेल तर दुसरी वाट आहे. टॅपच्या प्लेटवर पाच-सहा दिवस वाढलेल्या पेशी लूपने खरवडून नत्रविरहित टॅपमध्ये घ्या आणि उजेडात तीन-चार तास हलवत ठेवा. युग्मन चांगलं होतं, पण पेशींची संख्या सारखी ठेवणं अवघड जातं.

मार्च उजाडला की सांगली-मिरजेकडे दुपारी बंद खोलीतलं तापमान सहज ३५ अंशांच्या वर जातं. तेव्हा हा प्रयोग दुपारी करू नका. पेशी ताणाखाली कशाभिका टाकतात आणि कशाभिका नसलेलं युग्मक चिकटणार कशाने? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ. साताऱ्यात थंडीतल्या रात्री संवर्धन हळू वाढतं. तिथे दिव्यांच्या उबेवर काम भागतं.

विकर घालण्याआधी साधी जोडी तपासा

शुक्रवारी सकाळी दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पोहणाऱ्या पेशी दहांत नऊ तरी हव्यात. मग प्लस आणि मायनस प्रत्येकी ०.५ मिलि एका घड्याळकाचेत एकत्र करा. मिनिट-दोन मिनिटांत गुठळ्या नुसत्या डोळ्यांना दिसायला हव्यात. ते मिश्रण हलवत बसू नका. उजेडात शांत ठेवा, नाहीतर जुळणाऱ्या जोड्या मोडतात.

३० मिनिटांनी ०.१ मिलि काढून ल्युगॉलच्या आयोडीनचा एक छोटा थेंब घाला. पेशी थिजतात आणि कशाभिका ठळक दिसतात. दोन कशाभिकांच्या आणि चार कशाभिकांच्या पेशी वेगळ्या मोजा, एकूण निदान २००. सूत्र असं: चार कशाभिकांच्या पेशींची दुप्पट, भागिले तीच दुप्पट अधिक दोन कशाभिकांच्या पेशी, गुणिले १००. समजा चार कशाभिकांच्या १४० आणि दोन कशाभिकांच्या ७० मिळाल्या. २८० भागिले ३५०, म्हणजे ८० टक्के.

ही दुप्पट विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे दोन्ही बाजूंची संख्या सारखी नसणं. मिश्रणात प्लस ६० आणि मायनस ४० टक्के असतील, तर सगळं उत्तम झालं तरी आकडा ८० च्या वर जाऊच शकत नाही. मोजणी तासाभरात संपवा. पुढे युग्मनज (दोन युग्मकं एक होऊन झालेली पेशी) कशाभिका आत ओढून घेतो आणि मोजणीतून निसटतो.

साध्या जोडीत युग्मन ६० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी विकराला हात लावू नका. मूळ जोडीच कच्ची असेल तर पुढच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवू नये.

ट्रिप्सिनचा प्रयोग

ट्रिप्सिन शुद्ध, स्फटिकरूप घ्या. लॅबमध्ये बहुधा १:२५० खुणेचं कच्चं ट्रिप्सिन असतं. त्यात कायमोट्रिप्सिन आणि इतर विकरं मिसळलेली असतात. प्रात्यक्षिकापुरतं ते चालेल, पण 'ट्रिप्सिनचा परिणाम' असा दावा त्यावर करता येत नाही. पेशीसंवर्धनाचं ट्रिप्सिन-ईडीटीए तर अजिबात नको. ईडीटीए धातूचे आयन पकडून ठेवतं आणि भित्तिका विरघळवणाऱ्या विकराला जस्त लागतं. मग परिणाम ट्रिप्सिनचा की ईडीटीएचा, हे कसं ठरवणार?

मटण शिजायला कच्ची पपई घालतात तसा पपईचा चीक वापरून पाहावा असं काहींना सुचतं. पपेन प्रथिनं तोडतं हे खरं, पण चिकात इतर बरंच काही असतं, त्याची ताकद दर फळागणिक बदलते आणि सोयाबीनच्या ट्रिप्सिन इन्हिबिटरने (ट्रिप्सिनला रोखणाऱ्या प्रथिनाने) ते थांबत नाही. मोजमापाच्या प्रयोगात त्याला जागा नाही.

१० मिग्रॅ ट्रिप्सिन १ मिलि थंड १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि बर्फात ठेवा. साध्या बफरमध्ये ठेवलं तर ट्रिप्सिन स्वतःलाच तोडत राहतं. सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटर १० मिग्रॅ प्रति मिलि, बफरमध्ये. दोन्ही काम करतात का ते आधी दुधावर तपासा: साय काढलेल्या दुधाची पूड १ टक्का, सामू ७.५ ते ८ च्या ट्रिस बफरमध्ये. ट्रिप्सिन घातलेली नळी काही मिनिटांत निवळत जाते, ट्रिप्सिन आणि इन्हिबिटर दोन्ही असलेली पांढरीच राहते. ही दहा मिनिटांची तपासणी पुढचा आख्खा दिवस वाचवते.

मग:

१. प्लस आणि मायनस दोन्हींचे १-१ मिलिचे चार-चार भाग करा. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात १० मायक्रोलिटर ट्रिप्सिन, म्हणजे मिलिलिटरला ०.१ मिग्रॅ. तिसऱ्यात ट्रिप्सिन आणि ३० मायक्रोलिटर इन्हिबिटर आधीच मिसळून. चौथ्यात नुसता इन्हिबिटर.

२. २५ अंशांना १५ मिनिटं ठेवा. दर पाच मिनिटांनी दुसऱ्या नळीतला थेंब पाहा. पेशी पोहत असायला हव्यात. थांबल्या, गोल झाल्या किंवा कशाभिका गळाल्या तर मात्रा निम्मी करा.

३. ज्यात नाही त्या नळ्यांतही आता ३० मायक्रोलिटर इन्हिबिटर घाला. चारही भाग हलक्या वेगाने दोनदा नत्रविरहित टॅपने धुवा आणि पुन्हा १ मिलि करा.

४. लगेच जोड्या लावा: साधा प्लस-साधा मायनस, ट्रिप्सिन प्लस-साधा मायनस, साधा प्लस-ट्रिप्सिन मायनस, दोन्ही ट्रिप्सिन, आणि तिसऱ्या-चौथ्या भागांच्या जोड्या.

५. २ आणि ५ मिनिटांना गुठळ्यांची नोंद, ३० मिनिटांना चार कशाभिकांची मोजणी.

उकळलेलं ट्रिप्सिन कंट्रोल म्हणून पुरेसं नाही. आम्लात ठेवलेलं ट्रिप्सिन उष्णतेला बऱ्यापैकी तग धरतं आणि थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागू शकतं. म्हणून तिसरा भाग, म्हणजे आधीच इन्हिबिटरने बांधलेलं ट्रिप्सिन, हाच खरा कंट्रोल.

या जातीत अॅग्लुटिनिन ट्रिप्सिनला संवेदनशील असतं. ट्रिप्सिन दिलेली पेशी पोहते, कशाभिका शाबूत दिसतात, पण समोरच्याला धडकून तशीच पुढे निघून जाते. हे दृश्य १०० पट मोठं करून विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवा. फलन पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर किती अवलंबून असतं ते इथे समोर दिसतं. हे निष्कर्ष सगळ्या क्लॅमिडोमोनासना मात्र लावू नका. लुत्झ विझे आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वेगवेगळ्या जातींवर प्रथिनं तोडणारी आणि शर्करा तोडणारी विकरं वापरली. कोणत्या विकराने कोणाचं चिकटणं थांबतं हे जातीनुसार आणि प्लस-मायनसनुसार बदलतं, असं त्यांना दिसलं. म्हणूनच चौथ्या पायरीत एकाच बाजूला ट्रिप्सिन दिलेल्या जोड्या वेगळ्या लावल्या आहेत.

धुतल्यावर जोड्या लावायला वेळ दवडला तर निकाल बिघडतो, कारण चिकटण्याची क्षमता परत येते. त्यालाच प्रयोगाचा विषय करता येतो. ट्रिप्सिन धुऊन टाकलेल्या प्लस युग्मकांचे दोन भाग करा आणि एकात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड (नवी प्रथिनं बनणं रोखणारं रसायन) घाला. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रव वेगळं साठवा. दर २० मिनिटांनी थोडं काढून ताज्या मायनसबरोबर मिसळा, दोन तासांपर्यंत. नवी प्रथिनं बनणं थांबवलं की ही भरपाई अडते. अॅग्लुटिनिनचा काही साठा पेशीच्या अंगावरच्या पटलातही असतो आणि इशारा मिळाल्यावर तो कशाभिकांवर सरकतो, हे मात्र निकाल वाचताना लक्षात असू द्या.

ट्रिप्सिन नीट न धुता पेशी रात्रभर ठेवल्या तर आणखी एक घोळ होतो. ही शैवालं नत्र नसताना बाहेरच्या अमिनो आम्लांतून अमोनियम मोकळं करणारं विकर सोडतात. प्रथिनांच्या तुकड्यांतून असं नत्र मिळालं की युग्मकं काही तासांत पुन्हा साध्या पेशींकडे वळतात. आपण मात्र दोष ट्रिप्सिनला देतो.

भित्तिका विरघळवणारं विकर

आता पेशी स्वतः सोडते ते विकर. त्याला जी-लायसिन म्हणतात, किंवा गॅमिट लायटिक एन्झाइम. ते जस्तावर चालणारं प्रथिनभंजक आहे आणि त्याच्या रचनेचं आपल्या शरीरातल्या मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएजशी साम्य आहे. युग्मकात ते निष्क्रिय रूपात भित्तिका आणि पटल यांच्यामध्ये साठवलेलं असतं. कशाभिका चिकटल्या की सेरीन प्रकारचं दुसरं विकर बाहेर पडतं आणि याला तोडून सक्रिय करतं. एका विकराने दुसऱ्याचं कुलूप काढावं तसं. पेशीविभाजनानंतर पिल्लं बाहेर पडताना मातृभित्तिका फोडणारं विकर निराळं आहे. ते फक्त मातृभित्तिकेवर चालतं, जी-लायसिन मात्र साध्या पेशी आणि युग्मकं दोघांच्या भित्तिकांवर.

ते मिळवायला मिलिलिटरला २ ते ५ कोटी पेशींची प्लस आणि मायनस युग्मकं सम प्रमाणात मिसळा. उजेडात ३० मिनिटं स्थिर ठेवा आणि मग २,००० जीला १० मिनिटं फिरवा. वरचं द्रव ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून बर्फात ठेवा. त्याच दिवशी वापरायचं नसेल तर १ मिलिच्या नळ्या उणे ८० अंशांना, नाहीतर उणे २० ला. पण उणे २० ला फार दिवस भरवसा ठेवू नका. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

चाचणी साधी आहे. भित्तिका असलेल्या पेशीला सौम्य डिटर्जंटने फारसं काही होत नाही, नसलेली फुटते. १ कोटी साध्या प्लस पेशींचा गाळ घ्या, त्यावर १ मिलि लायसिन घालून ४५ मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा. मग ट्रायटन एक्स-१०० शेवटी ०.०५ टक्के होईल असं घाला, हलकं हलवा, दोन मिनिटांनी फिरवा. वरचं पाणी हिरवं झालं तर भित्तिका गेली होती. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ४३५ नॅनोमीटरला वाचन घ्या आणि पूर्ण फोडलेल्या पेशींचं वाचन १०० टक्के धरा. सोबत तीन नळ्या हव्यातच: लायसिनऐवजी नत्रविरहित टॅप; ५ मिलिमोलर ईडीटीए घातलेलं लायसिन; उकळलेलं लायसिन. ईडीटीएच्या नळीत वरचं पाणी जवळजवळ नितळ राहायला हवं. पहिलीच नळी हिरवी झाली तर डिटर्जंटची मात्रा जास्त आहे किंवा भांडं साबणाचं आहे.

हीच ट्रायटन चाचणी आधीच्या ट्रिप्सिन-जोड्यांवरही करा. चिकटणं नाही आणि भित्तिकाही शाबूत, तर अडलं पहिल्याच पायरीवर. चिकटणं नसताना पुढची यंत्रणा ठीक आहे का हे पाहायला एकाच प्रकारच्या युग्मकांना १० ते १५ मिलिमोलर डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी (बाहेरून पेशीत शिरू शकणारं सायक्लिक एएमपीचं रूप) आणि ०.१५ मिलिमोलर पॅपॅव्हरिन (ते मोडू न देणारं रसायन) देतात. जोडीदार नसतानाही ती भित्तिका टाकतात. ट्रिप्सिन दिलेल्या युग्मकांनीही टाकली, तर ट्रिप्सिनने आतली यंत्रणा बिघडलेली नाही. रसायन महाग आहे, म्हणून ०.२ मिलिच्या छोट्या प्रमाणात करा. ही चाचणी एकट्या प्लसवर किंवा एकट्या मायनसवरच करायची. याच रसायनाने अंगावरचं अॅग्लुटिनिन कशाभिकांवर सरकतं, त्यामुळे जोडीत केली तर दोन टप्पे पुन्हा एकमेकांत मिसळतात.

पटलं एक होण्याचा टप्पा

इथे दोन प्रथिनं महत्त्वाची. प्लसच्या युग्मन-रचनेवर फस-१, त्यामुळे पटलं अगदी जवळ येऊन घट्ट धरली जातात. मायनसवर हॅप-२, ते प्रत्यक्ष पटलं एक करतं. २०१७ मध्ये हॅप-२ ची त्रिमिती रचना उलगडली, तेव्हा डेंग्यूसारख्या विषाणूंच्या पेशीत शिरणाऱ्या प्रथिनाशी तिचं घराणं एकच असल्याचं दिसलं. शैवालाच्या फलनाचा अभ्यास कशासाठी, असं विचारणाऱ्याला एवढं उत्तर पुरे.

या टप्प्यासाठी उत्परिवर्ती वंश फार उपयोगी पडतात. इम्प-१ या प्लस वंशात फस-१ बिघडलेलं असतं. ती युग्मकं चिकटतात, भित्तिका टाकतात, पण एक होत नाहीत. तिन्ही चाचण्यांत चिकटणं 'हो', ट्रायटनमध्ये फुटणं 'हो', चार कशाभिका 'नाही' असा क्रम आला की तुमच्या चाचण्या टप्पे खरंच वेगळे ओळखतात याची खात्री पटते. वंश मागवतानाच तो यादीत घाला.

एक होताच फस-१ आणि हॅप-२ झपाट्याने मोडून टाकली जातात. त्यामुळे तिसरं युग्मक येऊन जोडलं जात नाही. सहा कशाभिकांच्या पेशी मोजणीत दिसल्या तर बहुधा दोन पेशी एकमेकांवर पडलेल्या असतात; कव्हरस्लिप हलकी दाबून पुन्हा पाहा.

युग्मनज पुढे नेणं

चार कशाभिका दिसल्या म्हणजे फलन पूर्ण झालं असं नाही. उरलेलं मिश्रण ४ टक्के आगरच्या टॅप प्लेटवर थेंबाथेंबाने ठेवा. १८ ते २४ तास उजेडात, मग अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ५ ते ७ दिवस अंधारात. पहिल्या दीड-दोन तासांत मायनसकडून आलेल्या हरितलवकाचा डीएनए युग्मनजात नष्ट होतो, त्यामुळे हरितलवकाचे गुण प्लसकडूनच येतात. हेही विकरांचंच काम.

अंधारातून काढल्यावर युग्मन न झालेल्या पेशी ब्लेडने खरवडून काढा. राहिलेल्यांसाठी उघडी प्लेट ३० सेकंद क्लोरोफॉर्मच्या वाफेवर पालथी धरा. जाड भित्तिकेचे युग्मनज तग धरतात, बाकीच्या पेशी मरतात. क्लोरोफॉर्म काचेच्या वाटीत घ्या, प्लॅस्टिक विरघळतं; आणि हे काम फ्यूम हूडखालीच (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. मग आगरचा तुकडा कापून ताज्या टॅप प्लेटवर उलटा ठेवा, उजेडात. दिवसभरात युग्मनज फुटू लागतात. प्रत्येक जोडीतल्या किती युग्मनजांतून वसाहती आल्या ते तीन-चार दिवसांनी मोजा आणि आधीच्या चार कशाभिकांच्या टक्क्यांशेजारी लिहा. ट्रिप्सिननंतर सावरलेल्या जोड्यांमध्ये हे दोन आकडे साध्या जोडीसारखेच जवळ असतील, तर विकराने फक्त भेट लांबवली. वसाहतींचा आकडा खूप खाली असेल तर ट्रिप्सिनची मात्रा पेशीला झेपण्यापेक्षा जास्त होती. मग मात्रा मिलिलिटरला ०.०२ मिग्रॅपासून पुन्हा चढत्या क्रमाने लावा.